पडद्यावरचा आकडा खरा कशावरून? हातात धरण्याच्या कंपन-कॅलिब्रेटरचा वर्षभराचा अनुभव

लोअर परळमध्ये जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका व्यापारी संकुलाच्या यंत्रविभागात मी देखभालीचे काम पाहतो. तळघरात चिलर आणि पाण्याचे पंप, गच्चीवर कूलिंग टॉवर, आणि या सर्वांच्या बेअरिंगांवर मिळून ३६ कंपन-सेन्सर, अशी आमची मांडणी आहे. गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात चार नंबरच्या पंपाचे मोटरकडचे बेअरिंग फुटले. बिघाडाच्या आदल्या आठवड्यात त्या पंपाचे कंपन पडद्यावर सेकंदाला १.६ ते १.८ मिलिमीटर दिसत होते. आमचा अलार्म २.८ वर आणि ट्रिप, म्हणजे यंत्र आपोआप बंद पाडणारी मर्यादा, ४.५ वर लावलेला असल्यामुळे पडदा शेवटपर्यंत हिरवाच राहिला. आमचे ज्येष्ठ फिटर, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी दोन दिवस आधी मला बोलावून सांगितले होते, “साहेब, पडद्याचं राहू द्या, पंपावर हात ठेवून बघा.” मी हात ठेवला होता. मलाही पंप जास्त थरथरतो आहे असे वाटले होते. तरीही मी आकड्यावर विश्वास ठेवला, कारण त्या सेन्सरचे प्रमाणपत्र जेमतेम चार महिन्यांपूर्वीचे होते.

ते प्रमाणपत्र देणाऱ्या एजन्सीने नेमके काय तपासले होते, हे मी नंतर शोधले. त्यांच्या माणसाने जंक्शन बॉक्स उघडून प्रत्येक सेन्सरचे बायस व्होल्टेज, म्हणजे त्याच्या तारांमधला स्थिर विद्युतदाब, मल्टिमीटरने मोजले, ते १२ व्होल्टच्या आसपास असल्याची नोंद केली आणि सेन्सर कार्यक्षम असल्याचा कागद दिला. सर्व ३६ कागदांवर संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक कंपनाला सेन्सर किती सिग्नल देतो तो आकडा, बरोबर १०० मिलिव्होल्ट प्रति जी (जी म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाएवढे त्वरण) अशीच छापलेली होती. एकाच कंपनीचे, एकाच खोक्यातून आलेले दोन सेन्सरसुद्धा या बाबतीत तंतोतंत सारखे नसतात. ९७ किंवा १०२ असा काहीतरी स्वतःचा आकडा प्रत्येकाला असतोच. छत्तीसही आकडे सारखे पाहून तेव्हाच मला शंका यायला हवी होती. त्या घटनेनंतर आम्ही पीसीबी पिझोट्रॉनिक्स या अमेरिकी कंपनीचे ३९४सी०६ हे हातात धरण्याचे कंपन-कॅलिब्रेटर, म्हणजे सेन्सरला मोजलेले कंपन देणारे उपकरण, घेतले. त्याच्या एका वर्षाच्या वापरावर हे परीक्षण आहे. ज्यांच्याकडे असे सेन्सर आहेत पण ते तपासण्याचे साधन नाही, त्यांना खरेदीआधी याचा उपयोग व्हावा, अशी इच्छा आहे.

आधी बायस व्होल्टेजविषयी लिहायला हवे, कारण बहुतेक ठिकाणी सेन्सरची तपासणी तिथेच सुरू होते आणि दुर्दैवाने तिथेच संपते. आपल्याकडे पंप, पंखे आणि मोटरवर सर्वसाधारणपणे जे सेन्सर बसवलेले असतात, त्यांच्या पोटात एक पिझो स्फटिक (दाब पडला की विद्युतभार निर्माण करणारा) आणि त्याला जोडलेला एक छोटा अँप्लिफायर असतो. मॉनिटर त्याला १८ ते ३० व्होल्टच्या, बहुधा २४ व्होल्टच्या पुरवठ्यातून ठरावीक स्थिर विद्युतप्रवाह देतो. हा प्रवाह २ ते २० मिलिअँपिअरच्या दरम्यान असतो. त्यामुळे दोन तारांच्या मध्ये सुमारे १२ व्होल्टचे स्थिर विद्युतदाब उभे राहते आणि कंपनाचा बदलता सिग्नल त्याच्यावर स्वार होऊन त्याच दोन तारांतून परत येतो. हे स्थिर व्होल्टेज म्हणजे बायस. ते शून्याच्या जवळ असेल तर केबल शॉर्ट झाली आहे किंवा पुरवठाच पोहोचत नाही. ते २४ च्या जवळ असेल तर तार कुठेतरी तुटली आहे किंवा कनेक्टर सुटला आहे. आणि ते ८ ते १४ च्या पट्ट्याबाहेर रेंगाळत असेल किंवा मोजता मोजता सरकत असेल, तर पाणी शिरल्याचा किंवा अति उष्णतेने आतला अँप्लिफायर बिघडल्याचा संशय घ्यावा. पुरवठा सुरू केल्यावर हा आकडा स्थिरावायला काही सेकंद लागतात, तेवढे थांबून मगच तो लिहून घ्यावा. एवढी माहिती एका साध्या मल्टिमीटरने दोन मिनिटांत मिळते, म्हणून ही चाचणी मौल्यवान आहे आणि आम्ही ती आजही दर महिन्याला करतो.

पण बायस बरोबर असणे म्हणजे अँप्लिफायर जिवंत असणे, एवढेच. त्याच्यापाशी येणारा सिग्नल खरा आहे की नाही, याविषयी ते काहीच सांगत नाही. सेन्सर हातातून काँक्रिटच्या लादीवर पडला, तर तो आदळतानाचा धक्का क्षणभर हजारो जी इतका असू शकतो. त्यात स्फटिक तडकला किंवा त्याची पकड सैल झाली तरी बाहेरून सेन्सर अगदी नव्यासारखा दिसतो आणि बायसही १२ व्होल्ट दाखवतो. मॉनिटरच्या स्वतःच्या तपासणीतही तो उत्तीर्ण होतो, कारण मॉनिटरसुद्धा बायसच पाहत असतो. सेन्सरवर बोटाने टकटक करून पडद्यावर लाट उठते का हे पाहण्याची पद्धत जुनी आणि चांगली आहे, पण तिच्यातून तार जोडलेली आहे एवढेच समजते. लाट किती उंच उठायला हवी होती, हे कोणालाच माहीत नसते. त्यासाठी सेन्सरला मोजलेले, माहीत असलेले कंपन द्यावे लागते, आणि हे उपकरण तेच काम करते.

उपकरण एका हातात धरता येते आणि बॅटरीवर चालते. त्याच्या वरच्या टोकाला सेन्सर बसवून सुरू केले की ते १५९.२ हर्ट्झ या एकाच वारंवारतेने हलते आणि त्याचा त्वरण १ जी आरएमएस (सतत बदलणाऱ्या लहरीची, वर्गांच्या सरासरीवरून काढलेली पातळी) इतका असतो. हा १५९.२ चा आकडा विचित्र वाटतो, पण तो फार विचारपूर्वक निवडलेला आहे. १५९.१५ ला २ पायने गुणले की १००० येतात, म्हणजे कोनीय वारंवारता सेकंदाला १००० रेडियन होते. त्वरणाला या हजाराने भागले की वेग मिळतो, पुन्हा भागले की विस्थापन मिळते. म्हणून सेकंद-वर्गाला ९.८ मीटर त्वरण असेल, तर वेग सेकंदाला ९.८ मिलिमीटर आणि विस्थापन ९.८ मायक्रोमीटर, सर्व आरएमएस, असा एकच आकडा तिन्ही एककांत वाचता येतो. रात्री दोन वाजता तळघरात उभे राहून गणकयंत्राशिवाय हिशोब करण्याची वेळ आली, की या निवडीचे महत्त्व कळते.

खरेदीच्या वेळी आमच्यासमोर ब्रुएल अँड केअर या डॅनिश कंपनीचे ४२९४ हेही होते. ते १५९.१५ हर्ट्झला सेकंद-वर्गाला १० मीटर देते, त्यामुळे त्याचा हिशोब आणखी सुटसुटीत आहे. पण त्याची भार पेलण्याची मर्यादा ७० ग्रॅम आहे आणि आमचे पोलादी आवरणाचे सेन्सर कनेक्टर न धरताच सुमारे ९० ग्रॅम भरतात. त्याच कंपनीचा ४२९४-००२ हा प्रकार २०० ग्रॅमपर्यंत पेलतो, मात्र त्यात त्वरण ३.१६ पर्यंत खाली येतो. आम्ही घेतलेले उपकरण १ जी कायम ठेवून २१० ग्रॅमपर्यंत पेलते, एवढ्या एकाच कारणाने निवड झाली. लहान सेन्सर वापरणाऱ्यांनी कदाचित उलट निर्णय घ्यावा. सेन्सर, अडॅप्टर, स्टड आणि लोंबणारी केबल यांचे एकत्र वजन करूनच उपकरण निवडावे, हे मात्र सर्वांना लागू आहे.

वापरण्याची आमची पद्धत अशी आहे. पाळीच्या इंजिनिअरला लेखी कळवून त्या यंत्राचा ट्रिप आधी बायपास करायचा आणि तशी पाटी लावायची. ही पायरी कधीही गाळू नये, कारण उपकरण देते ते ९.८ आणि आमचा ट्रिप आहे ४.५ वर, बायपास न करता चाचणी घेतली तर चालू यंत्र जागच्या जागी बंद पडेल. मग सेन्सर यंत्रावरून उतरवायचा, पण केबल काढायची नाही. तोच सेन्सर, त्याच केबलसह, कॅलिब्रेटरवर घट्ट बसवायचा, केबलचा ताण बाजूने पडू नये म्हणून ती हाताने सैल धरायची आणि उपकरण सुरू करून वॉकी-टॉकीवरून कंट्रोल रूममधल्या सहकाऱ्याला आकडा विचारायचा. एका सेन्सरला सुमारे पाव तास लागतो. रात्री भार कमी असताना आम्ही तीन रात्रींत छत्तीस सेन्सर पूर्ण करतो.

केबल न काढण्यावर माझा इतका भर आहे, त्याचे कारण पहिल्याच फेरीत सापडले. तीन नंबरच्या पंपाचा सेन्सर हलवला आणि कंट्रोल रूममधून उत्तर आले की तीनचा आकडा शून्य आहे, पण सहा नंबरचा ९.७ झाला आहे. दोन्ही पंपांच्या केबली जंक्शन बॉक्समध्ये एकमेकींच्या जागी जोडलेल्या होत्या, आणि त्या बसवल्यापासून तशाच होत्या. म्हणजे इतकी वर्षे तीन नंबरवर अलार्म आला की आम्ही तीन नंबर उघडत होतो आणि आत काहीच सापडत नाही म्हणून सेन्सरलाच दोष देत होतो. सेन्सर सोडवून प्रयोगशाळेत पाठवला असता तर दोन्ही उत्तम ठरून परत आले असते आणि पुन्हा चुकीच्या ठिकाणीच जोडले गेले असते. सेन्सरपासून पडद्यापर्यंतचा पूर्ण रस्ता एकदम तपासता येणे, हा या उपकरणाचा माझ्या मते सर्वांत मोठा गुण आहे.

दुसरी गोष्ट आणखी बोलकी होती. चिलरच्या तीन मोटरवर आकडा ९.८ ऐवजी १३.९ आला. तिन्ही सेन्सर एकदम आणि एकाच प्रमाणात बिघडतील, हे पटण्यासारखे नव्हते. १३.९ ला ९.८ ने भागले की सुमारे १.४१ येतात, म्हणजेच दोनचे वर्गमूळ. साइन लहरीत शिखरमूल्य आरएमएसच्या इतके पट असते. ते तीन चॅनेल बसवताना कोणीतरी आरएमएसऐवजी पीक निवडलेले होते, आणि मर्यादा मात्र आयएसओ १०८१६ मधल्या, म्हणजे आरएमएसच्या, घातलेल्या होत्या. १५ ते ३०० किलोवॉटच्या आणि पक्क्या पायावरच्या यंत्रांसाठी त्या मानकातील १.४, २.८ आणि ४.५ या सीमा सर्वत्र वापरल्या जातात. आता ते मानक आयएसओ २०८१६ या मालिकेत सामावले आहे, पण आकडे आरएमएसमध्येच आहेत. आमच्या त्या तीन मोटर विनाकारण अलार्म देत होत्या आणि कालांतराने त्या अलार्मकडे कोणी लक्ष देईनासे झाले होते. कंपनाचा आकडा चार ते वीस मिलिअँपिअरच्या प्रवाहात बदलून पाठवणारे ट्रान्समीटर वापरणाऱ्यांनाही हीच काळजी घ्यावी लागते. सेकंदाला शून्य ते २५ मिलिमीटर आरएमएस अशी पट्टी असलेल्या ट्रान्समीटरने या उपकरणावर सुमारे १०.३ मिलिअँपिअर द्यायला हवेत. आकडा त्याहून बराच वेगळा आला, तर ट्रान्समीटर बदलायला काढण्यापूर्वी पट्टी आरएमएसची आहे की पीकची, हे त्याच्या नामपट्टीवर वाचावे.

उरलेल्यांपैकी एका सेन्सरचा कनेक्टर आतून हिरवा पडलेला निघाला. मुंबईची खारट, दमट हवा आणि तळघराची ओल यांत हे व्हायचेच. आता आम्ही प्रत्येक कनेक्टरमध्ये सिलिकॉन ग्रीस भरतो, वर रबरी टोपण चढवतो आणि पाणी केबलवरून ओघळून कनेक्टरमध्ये उतरू नये म्हणून केबलला त्याच्या खाली एक झोळ ठेवतो. आणि चार नंबरच्या पंपाचा तो सेन्सर. बायस ११.८ व्होल्ट, केबल उत्तम, कनेक्टर कोरडा, आणि ९.८ च्या कंपनावर पडद्यावर ३.७. म्हणजे तो खऱ्याच्या सुमारे ३८ टक्केच दाखवत होता. बिघाडाआधीच्या आठवड्यात पडद्यावर दिसलेल्या १.६ ते १.८ चा अर्थ प्रत्यक्षात ४.२ ते ४.७ होता. अण्णांच्या हाताला जे कळले होते, ते बरोबर होते. हा हिशोब मी त्यांना कागदावर मांडून दाखवला तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण त्यानंतरच्या प्रत्येक फेरीला कॅलिब्रेटर त्यांच्याच हातात असतो.

छत्तीसपैकी उरलेले २९ सेन्सर आमच्या मर्यादेत बसले. ही मर्यादा ठरवताना उपकरणाच्या स्वतःच्या अचूकतेचा विचार करावा लागतो. ती अधिक-उणे ३ टक्के आहे, म्हणजे ९.८ च्या जागी ९.५ ते १०.१ यांतले काहीही खरे असू शकते, आणि औद्योगिक सेन्सरची सूटही बहुधा ५ किंवा १० टक्के असते. त्यामुळे ५ टक्क्यांच्या आतला फरक आम्ही मान्य करतो, ५ ते १० टक्के असेल तर पुढच्या महिन्यात पुन्हा पाहतो आणि त्यापलीकडे सेन्सर उतरवतो. एका वेळच्या आकड्यापेक्षा त्याच सेन्सरचे मागच्या फेरीतले आकडे शेजारी ठेवून पाहणे अधिक उपयोगाचे ठरते; हळूहळू घसरत जाणारा सेन्सर त्यातूनच ओळखू येतो.

आता मर्यादा. ही तपासणी म्हणजे कॅलिब्रेशन नव्हे. उपकरणाच्या नावात तो शब्द असला तरी ते एकाच वारंवारतेवर, एकाच पातळीवर उत्तर देते. खरे कॅलिब्रेशन आयएसओ १६०६३-२१ नुसार, संदर्भ-सेन्सरशी तुलना करून, अनेक वारंवारतांवर होते आणि ते एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतच करून घ्यावे. तिच्या प्रमाणपत्रावर प्रत्येक वारंवारतेची संवेदनशीलता, मापनातील अनिश्चितता आणि संदर्भ-सेन्सरची साखळी कोणत्या राष्ट्रीय मानकापर्यंत पोहोचते, या तीन गोष्टी दिसायला हव्यात. आमच्या जुन्या कागदांवर यांतली एकही नव्हती. हे उपकरणही वर्षातून एकदा तिथे पाठवावे लागते, आणि तेवढे दिवस ते हाताशी नसते. दुसरे म्हणजे किंमत. अशी उपकरणे लाखांच्या घरात जातात. दहा-बारा सेन्सर असणाऱ्यांनी ते विकत घेण्यापेक्षा वर्षातून दोनदा भाड्याने आणावे किंवा कॅलिब्रेटर घेऊन जागेवर येणारी सेवा घ्यावी, आणि सेवा घेताना कॅलिब्रेटर आमच्या डोळ्यांसमोर सेन्सरला लावला जाईल, ही अट कामाच्या पत्रातच लिहावी. सोबत लागणारे अडॅप्टर, क्लिपा आणि खरा आरएमएस मोजणारा चांगला मल्टिमीटर आम्हाला लॅमिंग्टन रोडवर एका दुपारी मिळाले.

बिनतारी सेन्सर वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी सोय आहे. त्यांतल्या बऱ्याच सेन्सरांत मेम्स चिप (सूक्ष्म हलते भाग असलेली चिप) असते आणि ती स्थिर त्वरणही मोजते. असा सेन्सर टेबलावर सरळ ठेवून आणि मग उलटा करून कच्चा आकडा वाचता येत असेल, तर तो अधिक १ जी वरून उणे १ जी वर जायला हवा. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण विनामूल्य उपलब्ध असलेले मानक आहे. पिझो सेन्सरला मात्र ही चाचणी लागू पडत नाही. तो स्थिर त्वरण धरूनच ठेवू शकत नाही, आणि उलटा केल्यावर आकडा क्षणभर उसळून पुन्हा शून्यावर येतो, तो बिघाड समजू नये.

एकाच वारंवारतेची मर्यादा कागदावर किरकोळ वाटते, पण आमच्या गच्चीवर ती प्रत्यक्ष समोर आली. कूलिंग टॉवरचे पंखे मिनिटाला सुमारे ३०० फेऱ्या फिरतात, म्हणजे त्यांचे मुख्य कंपन ५ हर्ट्झवर असते. दोन पंख्यांवरचे सेन्सर आमच्या फेरीत ९.६ आणि ९.९ दाखवून उत्तीर्ण झाले होते. तरी ते सतत वाफेत आणि पावसात असतात म्हणून दोन्ही प्रयोगशाळेत पाठवले. एक पूर्ण निर्दोष निघाला. दुसऱ्याची संवेदनशीलता १६० हर्ट्झच्या आसपास ठीक होती, पण १० हर्ट्झच्या खाली ती झपाट्याने घसरत होती आणि ५ हर्ट्झवर निम्म्याहूनही कमी उरली होती. आत ओल शिरून स्फटिकाचा इन्सुलेशन-रोध उतरला की असेच होते: साठलेला विद्युतभार लवकर गळून जातो, जलद कंपने तशीच पोहोचतात आणि संथ कंपने वाटेतच हरवतात. पंख्याचा तोल गेला असता तर त्याची खूण नेमकी त्या हरवणाऱ्या भागात होती. ते दोन सेन्सर आता दरवर्षी मे महिन्यात, पावसाळा सुरू होण्यापूर्वी, प्रयोगशाळेत जातात, आणि तेवढ्या दिवसांसाठी पंख्यांवर बसवायला तपासलेले दोन जादा सेन्सर आम्ही कपाटात ठेवले आहेत.